अवघड जागेचे दुखणे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत पाककृती, बचत, मुलांवरचे संस्कार अशा विषयांवर बोलण्याची आपली वहिवाट आहे. त्या विषयांवर माझ्याहून जाणत्या भगिनी या सभेत पुष्कळ आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यामुळे चिटणीसबाई घरी येऊन म्हणाल्या, "तुम्ही यंदा बोलायचे", तेव्हा मी त्यांना विचारले की, मी बोलू तरी कशावर? त्या म्हणाल्या, "तुम्हाला जे झाले त्याच्यावर बोला. आपल्यातल्या कितीतरी जणी त्यातून जातात आणि तोंडातून शब्द काढीत नाहीत." म्हणून मी आज उभी आहे.

आपल्यात एक म्हण आहे, 'अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य'. ही म्हण ऐकली की सगळे हसतात. पण ज्या कोणी ही म्हण पहिल्यांदा उच्चारली असेल तिला हसू आले असेल का, याचा विचार करा. दुखणे आहे, औषध देणारा दारात आहे, आणि तरीही सांगता येत नाही. आता वैद्य काही जावई राहिलेला नाही. आपल्या जवळपास स्त्री-डॉक्टर पुष्कळ आहेत. तरी म्हण मात्र जिथल्या तिथे आहे.

माझे दुखणे अशाच जागेचे होते. त्याचे नाव बार्थोलिन ग्रंथीचे गळू. सतराव्या शतकात डेन्मार्क देशात कॅस्पर बार्थोलिन नावाचे शरीरशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी १६७७ साली या ग्रंथींचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव पडले. नाव परदेशी असले तरी ग्रंथी आपल्या प्रत्येकीच्या अंगात जन्मापासून आहेत. त्या असतात दोन. मायांगाच्या तोंडाशी, खालच्या अंगाला, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर घड्याळ काढून दाखविले होते. तबकडीवर चारचा आणि आठचा आकडा जेथे असतो, तेथे या दोन ग्रंथी. आकार वाटाण्याएवढा. एरवी हाताला लागतही नाहीत. त्यांचे काम एवढेच की तेथे ओलावा ठेवायचा. प्रत्येकीला बोटाच्या पेराएवढी लहानशी नळी असते आणि त्या नळीतून तो ओलावा बाहेर येतो.

आता दुखणे कसे होते ते सांगते. आपण सगळ्या शीळफाट्याच्या, म्हणून आपल्याच फाट्याचा दाखला देते. फाट्यावर एखादा ट्रेलर आडवा झाला की काय होते? मुंब्र्याकडची रांग वाढत जाते, महापेकडची वाढते, पनवेलकडची वाढते, कल्याणची तर विचारूच नका. गाड्या येणे थांबत नाही आणि जाण्याचा रस्ता बंद. तसेच त्या नळीचे. तोंड बंद झाले की आतला ओलावा साठतो आणि गाठ येते. नुसती गाठ असेल तर ती बहुधा दुखत नाही. कित्येकींना असल्याचे कळतही नाही. पण साठलेल्या पाण्यात जंतू शिरले की त्याचा पू होतो आणि गळू धरते. मग बसता येत नाही, चालता येत नाही, लघवीला जाताना डोळ्यांत पाणी येते.

शंभर बायकांत दोघींना आयुष्यात कधी ना कधी हे होते, असे डॉक्टर सांगतात. बहुधा विशीतिशीत होते, चाळिशीनंतर त्यामानाने कमी. आणि एक गोष्ट मी मुद्दाम मोठ्याने सांगते. हे दुखणे झाले म्हणजे बाईचे काही वाकडे पाऊल पडले, असे मुळीच नाही. पुष्कळदा यातले जंतू आपल्या स्वतःच्याच आतड्यातले असतात. काही वेळा संबंधातून येणाऱ्या रोगाचे जंतू सापडतात. तेव्हा डॉक्टर तपासणी करतात, आणि तसे निघाले तर औषध नवराबायको दोघांनीही घ्यायचे असते. ही तपासणी औषध ठरविण्यासाठी असते. बाईची परीक्षा घेण्यासाठी ती नसते. सासूबाईंनी, नणंदांनी आणि घरातल्या पुरुषांनी एवढे ध्यानात ठेवले तरी बाईचे निम्मे दुखणे उतरेल.

माझ्या वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मला हे पहिल्यांदा झाले. चौथ्या दिवशी मला खाली बसून पीठ मळता येईना, तेव्हा मी थोरल्या जाऊबाईंना सांगितले आणि त्या मला एका लहानशा दवाखान्यात घेऊन गेल्या. तेथे चिरा देऊन पू काढला. बायांनो, त्या घडीला जे सुख वाटले ते बाळंतपणानंतरच्या सुखासारखे होते. मी चालत घरी आले. औषधाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या संपविल्या. पुन्हा यायचे की नाही, काय जपायचे, हे कोणी सांगितले नाही. चार महिन्यांनी त्याच जागी पुन्हा गळू आले. पुन्हा चिरा, पुन्हा सुख, आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच.

असे का होते, ते मला तिसऱ्या वेळी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले. नुसता चिरा दिला की पू निघून जातो, पण कातडीचा धर्म भरून येण्याचा. ती चार दिवसांत मिटते आणि आत नळी पूर्वीसारखीच बंद. म्हणजे हवालदाराने तासभर एक बाजू सोडली, गाड्या निघाल्या, तो गेला की पुन्हा खोळंबा. रस्ता नवा झालाच नाही. म्हणून नुसता चिरा दिलेले गळू पुन्हा होण्याचा संभव मोठा.

नवा रस्ता करण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे लहानशी रबरी नळी. तिच्या टोकाला फुगा असतो. वर्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० नंतरच्या दशकात ती काढली. चिऱ्यातून ती आत घालतात, फुग्यात दोन-तीन मिलिलिटर पाणी भरतात आणि चार ते सहा आठवडे ती तेथेच ठेवतात. तेवढ्या दिवसांत तिच्याभोवती कातडी धरते आणि कायमचे लहान तोंड तयार होते. ही नळी सगळीकडे मिळत नाही, आणि कधी कधी आधीच निसटून पडते. पडली तर घाबरू नये, पण डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी रीत आपल्या शिवणकाम शिकलेल्या भगिनींना लगेच कळेल. ब्लाउजला काज करताना आपण कापड कापतो आणि कडेने टाके घालतो, म्हणजे काज मिटत नाही आणि सुतेही सुटत नाहीत. तसेच तेथे करतात. चिरा देऊन आतल्या पिशवीची कड बाहेरच्या कातडीला टाक्यांनी जोडतात. तोंड उघडे राहते. कांगारूच्या पोटाच्या पिशवीवरून या शस्त्रक्रियेला इंग्रजीत नाव दिले आहे. हॉलंड आणि इंग्लंडमध्ये या दोन रीती ताडून पाहिल्या होत्या. त्याचा निकाल २०१७ साली छापून आला. वर्षभरात पुन्हा त्रास होण्याचे प्रमाण नळी घातलेल्यांत शंभरात बारा आणि टाके घातलेल्यांत शंभरात दहा, म्हणजे जवळजवळ सारखेच. तेव्हा जी रीत जवळच्या इस्पितळात चांगली होते ती करावी. पण दवाखान्यात गेल्यावर एवढे जरूर विचारावे की, "बाई, नुसता चिरा देणार की तोंड उघडे राहील असे काही करणार?" हा प्रश्न विचारायला सातवीसुद्धा लागत नाही.

तिसरा उपाय म्हणजे सबंध ग्रंथी काढून टाकणे. तो पहिल्या झटक्याला करीत नाहीत, आणि पू भरलेला असताना तर नाहीच. वरचेवर गळू होत असेल, किंवा चाळिशी उलटल्यावर गाठ आली आणि तिच्याविषयी शंका वाटली, तर तो विचार करतात. या ग्रंथीचा कर्करोग फार विरळा आहे, पण वय वाढते तशी शंका फेडून घ्यावी लागते. म्हणून चाळिशीनंतरच्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवितात. आपल्यातल्या कोणा चाळिशीच्या पुढच्या भगिनीला अशी गाठ नव्याने लागली, तर ती दुखत नसली तरी दाखवावी.

मला तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी आधी पू काढून औषधे दिली, रक्त तपासले, आणि साखर दोनशेच्या वर निघाली. मला मधुमेह आहे हे मला गळवामुळे कळले! साखर ताब्यात येईपर्यंत त्यांनी काही आठवडे थांबविले आणि मग ग्रंथी काढायचे ठरले. शस्त्रक्रिया नीट झाली. सकाळी झाली, दुपारी मी चहा घेतला, जाऊबाईंशी बोललेही.

संध्याकाळी दुखू लागले. टाके आहेत, दुखणारच, असे मीही मनाशी म्हटले. पण हे दुखणे वेगळे होते. ते घटकेघटकेला चढत होते. आतून कोणी दाबावे तसे वाटत होते, आणि लघवी होईना. पाळीवरच्या परिचारिकेला सांगितले. ती म्हणाली, "टाके घातल्यावर दुखायचेच, गोळी घ्या आणि पडून राहा." गोळी घेतली. अर्ध्या तासाने दुखणे आणखी वाढले. मी पुन्हा सांगितले. पुन्हा तेच उत्तर. तेव्हा जाऊबाईंनी माझे पांघरूण बाजूला केले आणि पाहिले. एका बाजूला मुठीएवढी सूज आलेली, कातडी ताणून निळी-जांभळी पडलेली. माझी जाऊ चौथी शिकलेली बाई. ती वॉर्डाच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "डॉक्टर येऊन बघेपर्यंत मी येथून हलायची नाही." डॉक्टर आल्या, त्यांनी एकदा पाहिले मात्र आणि पुन्हा शस्त्रक्रियेची तयारी करायला सांगितली.

झाले होते असे की आत एक शीर वाहत होती. त्या जागेला शिरांचे जाळे दाट असते. म्हणून ग्रंथी काढताना आणि काढल्यावर रक्तस्रावाचे भय असते. रक्त बाहेर आले असते तर दिसले असते. ते आतच साठत होते. रात्री दहा वाजता मला पुन्हा भूल दिली, साठलेले रक्ताचे गोळे काढले, शीर बांधली आणि वरून एक बाटली रक्त दिले. त्या इस्पितळाचे किंवा परिचारिकेचे नाव मी सांगणार नाही. ती पोर रात्रपाळीला एकटी होती आणि खाटा भरलेल्या होत्या. पण त्या रात्रीतून मी एक गोष्ट शिकले, ती तुमच्या पदराला बांधून देते. शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे दर दिवशी उतरत गेले पाहिजे. ते चढत असेल तर काहीतरी बिघडले आहे. मग कोणी काही म्हणो, "मला डॉक्टरांनी पाहिले पाहिजे" एवढेच म्हणत राहायचे. आणि ज्या बाईला स्वतःला म्हणता येत नाही तिच्यासाठी दारात उभी राहणारी दुसरी बाई पाहिजे.

आता शस्त्रक्रियेनंतर काय काय बिघडू शकते ते क्रमाने सांगते. भीती घालण्यासाठी सांगत नाही. बहुतेकींचे सरळ होते. पण ओळख असलेली बरी.

पहिला रक्तस्राव, तो सांगितला. तासाभरात घडी भिजून जाऊ लागली, किंवा सूज झपाट्याने वाढून काळीनिळी पडली, तर थांबू नये. ज्या भगिनी हृदयासाठी रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेतात त्यांनी हे शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना सांगावे.

दुसरी गोष्ट, जंतू पसरणे. ताप, थंडी वाजणे, लाली मांडीकडे किंवा पोटाकडे सरकणे, दुर्गंधी येणारा स्राव, ही त्याची लक्षणे. मधुमेह असलेल्या बाईत क्वचित हे फार वेगाने पसरते. वरून थोडी लाली दिसते, पण वेदना न सोसण्याइतकी असते आणि कातडी काळसर पडू लागते. हे जिवावरचे दुखणे आहे. तेथे तासांचा हिशेब असतो, उद्या सकाळची वाट पाहायची नाही. १०८ क्रमांक फिरवावा, गाडी फुकट येते.

तिसरी गोष्ट, लघवी अडणे. सुजेमुळे किंवा दुखण्याच्या भीतीने असे होते. सहा-सात तास लघवी झाली नाही तर सांगावे.

चौथी, बोळा आत राहणे. पू काढल्यावर कधी कधी जखमेत औषधाची पट्टी भरतात. ती कधी काढायची आणि किती भरल्या हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. घातल्या तितक्या निघाल्या पाहिजेत. आपण लग्नघरी वाट्या मोजून देतो आणि मोजून घेतो, तसेच हे.

पाचवी, फार विरळा गोष्ट आहे, पण बाई ती कोणाला सांगत नाही म्हणून मी सांगते. ही जागा गुदाशयाच्या जवळ असते. तेथे इजा होऊन भोक पडले तर पुढच्या वाटेने वारा किंवा मळ येऊ लागतो. असे झाले तर ते आपले नशीब नव्हे. त्यावर शस्त्रक्रिया आहे.

सहावी गोष्ट व्रणाची. जखम भरली, टाके विरघळले, डॉक्टर म्हणाल्या, "छान झाले." पण व्रण आतून कडक होतो आणि बसताना टोचतो, नवराबायकोच्या संबंधात दुखते. ग्रंथी काढली तर त्या बाजूचा ओलावाही थोडा कमी होतो. माझ्या बाबतीत हे जवळजवळ आठ महिने चालले. जखम भरली म्हणजे बाई बरी झाली, असा घरात समज असतो. मी रात्री कूस बदलून निजत असे आणि ह्यांना वाटे, बायकोचा जीव माझ्यावरून उडाला. संसार वीस वर्षांचा, पण दोघांच्या मधली ती भिंत रोज एक विटेने वाढत होती. तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी मला आपणहून विचारले, "जवळ येताना दुखते का?" मी मान हलविली. पुढच्या खेपेस त्यांनी ह्यांना आत बोलावून घेतले आणि साध्या शब्दांत सांगितले की, येथे व्रण आहे, तो नरम व्हायला वेळ लागतो, आणि यात बाईच्या मनाचा काही संबंध नाही. हे परत येताना रिक्षात कल्याण फाट्यापर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला आधी कोणी सांगितले असते तर!" भगिनींनो, पुरुष वाईट असतात असे नाही, त्यांना कोणी सांगत नाही. त्यावरही उपाय आहेत. ओलाव्यासाठी लावायचे औषध असते, स्नायू सैल करण्याचे व्यायाम शिकवितात, आणि व्रण फारच कडक असेल तर त्याच्यावर उपचार होतो. मला पहिल्या दोन उपायांनी गुण आला.

आता घरची निगा. रुंद टबात किंवा स्वच्छ घमेल्यात कोमट पाणी घ्यावे आणि दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे त्यात बसावे. पाणी कोमटच, कढत नको. शस्त्रक्रियेनंतर हे कधी सुरू करायचे ते डॉक्टरांना विचारावे. मग मऊ कापडाने टिपून कोरडे करावे, घासू नये. सुती कपडा वापरावा, घडी वरचेवर बदलावी. पाणी पुष्कळ प्यावे, भाजीपाला खावा, म्हणजे शौचाला कुंथावे लागत नाही. औषधांच्या गोळ्या बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत. संबंध जखम भरेपर्यंत ठेवू नये. नळी असेल तर ती निघेपर्यंत नाहीच. गरोदर बाईला असे गळू झाले तर तिने ती गरोदर आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

आणि काय करू नये तेही सांगते. आपल्याकडे गळवावर भाजलेला कांदा बांधतात, चुना-गूळ लावतात, कोणी तंबाखूची गोळी ठेवतात. पायावरच्या गळवाला काय लावायचे ते लावा, पण या नाजूक जागी यातले काहीही नको. चुन्याने कातडी भाजते. जंतुनाशक पाणी तसेच घट्ट ओतू नये. पिळून पू काढू नये. दाभण, सुई, पाते तर स्वप्नातही नको. लहान गाठ असेल आणि दुखत नसेल, वय चाळिशीच्या आत असेल, तर पुष्कळदा नुसत्या कोमट पाण्याच्या शेकानेही भागते. मात्र एकदा डॉक्टरांना दाखवून मग शेकत बसावे.

भगिनींनो, हे सारे सांगताना मला आपल्या कल्याणच्या एका लेकीची आठवण होते. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या कल्याणच्या. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि ते मूल दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या १८८३ साली बोटीने अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. बायकांना आपले दुखणे पुरुष वैद्याला सांगता येत नाही, म्हणून बाई डॉक्टर हवी, हाच त्यांचा ध्यास होता. कोल्हापूरच्या इस्पितळात बायकांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली होती. पण क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी व्हायच्या आत, त्या पुण्यात वारल्या. त्याच १८८६ साली मुंबईत बायकांसाठी कामा इस्पितळ सुरू झाले. पुढे रखमाबाई लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी वर्षानुवर्षे बायकांची सेवा केली. या बायांनी वाट पाडली ती आपण दार लावून घरात कण्हावे म्हणून नव्हे.

पण बाई डॉक्टर आली म्हणजे बाईचे तोंड उघडले असे होत नाही. आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि ती १९८९ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय पत्रात छापून आली. शंभरात ९२ बायकांना बायकी अवयवांचे एक ना एक दुखणे निघाले. आणि यापूर्वी कधी तरी तशी तपासणी झालेल्या बायका किती, तर शंभरात आठ! हा आकडा वाचून जगातले मोठमोठे डॉक्टर चकित झाले म्हणतात. आपण चकित होणार नाही. आपण आपल्या आयांना पाहिले आहे.

त्या गोष्टीला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आपला फाटाही बदलला. भाताची खाचरे होती तेथे इमारती आल्या. कळव्याला महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, डोंबिवलीला शास्त्रीनगरचे, कल्याणला रुक्मिणीबाई रुग्णालय. वाटेत खोळंबा असेल, रांग असेल, पण दार आहे. दारापर्यंत बाईने जायचे कसे, हा प्रश्न मात्र आपल्या मंडळाचा आहे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. अध्यक्षबाईंनी त्यांचा विचार करावा, अशी विनंती आहे. पहिली, मंडळाने 'सोबतीण' म्हणून पाच-सहा जणींची नावे ठरवावीत. ज्या बाईला अशा दुखण्यासाठी दवाखान्यात जायचे आहे तिच्याबरोबर त्यांच्यातली एक जाईल, आणि शस्त्रक्रिया झाली तर पहिल्या रात्री एक जण खाटेजवळ राहील. जिला जाऊ नाही, बहीण नाही, सासर-माहेर दूर आहे, अशा भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या कितीतरी मुली आता आपल्या शेजारी आहेत. त्यांच्यासाठी दारात कोण उभे राहील? दुसरी, वर्षातून एकदा चाळिशीपुढच्या सगळ्या सभासद भगिनींची रक्तातली साखर तपासून घ्यावी. वरचेवर गळवे होतात तेथे कधी कधी साखर लपून बसलेली असते. तिसरी, हळदीकुंकवाच्या एका कार्यक्रमाला वाण लुटण्याबरोबर एखाद्या डॉक्टरीणबाईंना बोलवावे आणि त्यांना प्रश्न विचारावेत. तोंडी विचारायला संकोच वाटला तर चिठ्ठीवर लिहून, नाव न घालता, डब्यात टाकावेत.

हे भाषण स्मरणिकेत छापायचे का, असे चिटणीसबाईंनी मला विचारले होते. घरातले पुरुष वाचतील, असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, अवश्य छापा. त्यांनी वाचावे म्हणूनच छापा. माझ्या ह्यांनी मसुदा वाचला आहे आणि त्यातली दोन शुद्धलेखनाची चुकलेली अक्षरे तेवढी सुधारली आहेत.

सोबतीण म्हणून पहिले नाव माझे लिहावे, दुसरे माझ्या जाऊबाईंचे. त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत. बाकीची नावे आज सभा संपल्यावर चहाच्या वेळी चिटणीसबाईंकडे द्यावीत.